पन्नाशीनंतर ‘आता पुढं काय?’ हा प्रश्न क्रमानं कसा सोडवायचा

सोलापुरात निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष बहुतेकांचं एकाच साच्यात जातं. सत्कार होतो, शाल-श्रीफळ मिळतं, काशीयात्रा होते, घराला रंग देऊन होतो. मग एका सकाळी पेपर साडेआठलाच वाचून संपतो आणि पुढचा अख्खा दिवस समोर पडलेला दिसतो. तिथून घाई सुरू होते. कुणी ज्योतिषाच्या वर्गाला जातं, कुणी ट्रस्टचं सचिवपद अंगावर घेतं, कुणी फंडाच्या पैशातून मुलाला दुकान टाकून देतं. यातलं बरंचसं पुढच्या दिवाळीपर्यंत बंद पडलेलं असतं.

चूक कामाच्या निवडीत कमी असते, क्रमात जास्त. आधी काम धरलं जातं. मग कळतं की गुडघा साथ देत नाही, पैसा अडकलेला आहे, घरातल्यांना तर विचारलेलंच नाही. ताणा नीट बसवला नसेल तर बाणा कितीही रंगीत घातला तरी चादरीला सळ पडतात, हे इथल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खालचा क्रम पंचेचाळीस ते सत्तरच्या कुणालाही चालेल: पगारदाराला, दुकानदाराला, घर सांभाळणाऱ्या बाईलाही. सगळं मिळून साधारण सहा महिने धरा.

## सुरू करण्याआधी

एक शंभर पानी वही घ्या. मोबाइलमध्ये लिहू नका. लिहायला म्हणून उघडलेल्या मोबाइलवर माणूस दहा मिनिटांनी दुसऱ्याच्या नातवाचा वाढदिवस बघत बसलेला असतो.

एक माणूस ठरवा, ज्याच्याशी महिन्यातून एकदा या विषयावर बोलता येईल. शक्यतो नवरा किंवा बायको नको. त्यांचे तुमच्या उत्तरात हितसंबंध असतात, आणि ते असायलाच हवेत. जुना सहकारी, शाळेतली मैत्रीण, धाकटी बहीण चालेल. तुमचं ऐकून ‘हे तू दहा वर्षांपूर्वीपण म्हणाला होतास’ असं तोंडावर सांगणारा माणूस सगळ्यात चांगला.

तिसरी गोष्ट पथ्याची: कुणाला काही जाहीर करायचं नाही. ‘आता समाजकार्य करणार’ असं चारचौघांत सांगितलं की कौतुक आधीच मिळून जातं आणि कामाची ओढ निम्मी होते. शिवाय ज्यांना आपल्या मंडळासाठी खजिनदार हवाच असतो, ते संध्याकाळी घरी येतात.

कधी सुरू करायचं? राज्य सरकारी नोकरीत बहुतेकांना ५८ व्या वर्षी निवृत्ती मिळते, रेल्वेत ६० व्या. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी, पगार चालू असताना. यंत्रमागावरचा कामगार किंवा विडी वळणारी बाई यांना निवृत्तीची तारीखच नसते. डोळे, खांदे आणि पाठ ती तारीख ठरवतात. त्यांनी पन्नाशीलाच पहिले दोन टप्पे उरकून घ्यावेत, बाकीचे जमतील तसे.

## टप्पा १: आधी शरीर तपासून घ्या

‘कशातच मन लागत नाही’ हे वाक्य घेऊन लोक थेट अध्यात्माकडे वळतात. त्याआधी रक्त तपासा. थायरॉईड कमी असला, बी-१२ घटलं असलं, साखर वाढली असली, हिमोग्लोबिन उतरलं असलं तरी माणसाला थकवा येतो, विसर पडतो, उत्साह जातो. शाकाहारी माणसांत बी-१२ ची कमतरता नेहमीची आहे, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ती आणखी वाढू शकते. ज्याला तुम्ही आयुष्यातली पोकळी समजताय, ती काही वेळा गोळ्या-इंजेक्शनानं भरण्यासारखी असते. बायकांनी पाळी जाण्याच्या सुमारास मोडणाऱ्या झोपेबद्दल डॉक्टरांशी उघड बोलावं. ‘वय झालं’ म्हणून ते अंगावर काढणं आपल्याकडे फार चालतं.

कान तपासून घ्या. याकडे जवळजवळ कुणीच लक्ष देत नाही. ऐकू कमी यायला लागलं की माणूस लग्नाकार्यात कोपरा धरतो, बैठकीला जाणं टाळतो, आणि घरचे म्हणतात, ‘हल्ली ते अबोल झालेत.’ मोतीबिंदूचंही तसंच. पुढच्या टप्प्यांत तुम्हाला माणसांत जायचं आहे. कान-डोळ्यांशिवाय ते जमणार नाही.

सावध: दोन आठवड्यांहून जास्त दिवस सतत उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. उदासीचा आजार असताना आयुष्याचे मोठे निर्णय घ्यायचे नसतात.

## टप्पा २: पैसा आणि घर यांचा निकाल लावा

इथं रेंगाळू नका, पण वगळूही नका. वहीच्या एका पानावर महिन्याला नक्की येणारी रक्कम लिहा आणि दुसऱ्या पानावर औषधं धरून नक्की जाणारी. बंद गिरणीतून किंवा कारखान्यातून बाहेर पडलेल्या कित्येकांना ईपीएस-९५ ची (फंडाबरोबर मिळणारी कामगारांची) पेन्शन किमान १,००० रुपयांच्या आसपासच मिळते. त्यांच्या बाबतीत ‘हेतू’ हा प्रश्न अर्धवेळ कमाईच्या प्रश्नाशी बांधलेला असतो. त्यात कमीपणा काही नाही, उलट टप्पा पाच करताना ते स्पष्ट लिहून ठेवा.

एकरकमी पैसे मिळाले असतील तर पहिले सहा महिने ते सुरक्षित ठिकाणी ठेवून स्वस्थ बसा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ६० वर्षांवरील व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला मिळतं. ‘पैसे दुप्पट’ सांगणारा ओळखीचा माणूस नेमका याच सहा महिन्यांत भेटतो.

घराबद्दल एकच सांगतो. प्रेमाच्या भरात घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्रानं करून देऊ नका. करायचंच असेल तर सांभाळाची अट त्या दस्तातच लिहून घ्या. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अशी अट मोडली गेली तर प्रांताधिकाऱ्यांच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे जाऊन तो व्यवहार रद्द करून मागता येतो. बहुतेकांना मृत्युपत्र पुरतं. त्याला दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. साक्षीदार मात्र तुमच्याहून वयानं लहान बघा; मित्राला साक्षीदार केलं आणि मित्रच आधी गेला, असं फार होतं.

तपासा: पुढच्या वर्षभरात एक मोठा दवाखान्याचा खर्च आला तर तो कुठून करायचा, हे नवरा-बायको दोघांनाही माहीत आहे का? नसेल तर तिसऱ्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: पुण्याचा प्रश्न आधी सोडवा

सोलापूरकरांच्या बाबतीत हा टप्पा वेगळा काढावाच लागतो. पोरं पुण्यात असतात. नातवंड झालं की बोलावणं येतं, आणि हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन रात्री परत येणारे आई-वडील बघता बघता तिकडच्या सोसायटीत सहा-सहा महिने राहायला लागतात. इकडं घराला कुलूप, तिकडं ओळखीचं कुणी नाही. दोन्हीकडून अर्धे.

नातवंडं सांभाळणं हे खरं काम आहे, मोलाचंही आहे. पण त्याला मुदत असते. पोर शाळेत रुळलं की तुमची गरज सकाळी अर्धा तास आणि दुपारी एक तास एवढीच उरते, आणि तोवर सोलापुरातली तुमची बैठक मोडलेली असते. म्हणून मुला-सुनेसमोर बसून, पंचांग उघडून ठरवा: वर्षातले कोणते महिने तिकडे, कोणते इकडे. संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आहे, नंदीध्वज निघायचे आहेत, तेव्हा आम्ही इथंच असणार, असं काहीतरी ठाम धरून ठेवा. लेकाच्या घरी कायमचं जायचं ठरलं तर तसं ठरवा, मग पुढचे सगळे टप्पे पुण्यातल्या पत्त्यावर करा. त्यातही गैर काही नाही. न ठरवता अर्धं-अर्धं राहणं तेवढं टाळा.

आजीला गृहीत धरून आजोबांनी एकट्यानं होकार देऊ नये. तिकडं जाऊन स्वयंपाक कुणाला करायचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे.

## टप्पा ४: दोन आठवडे वेळेचा हिशेब लिहा

काही बदलू नका, फक्त लिहा. सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत दर दोन तासांनी एक ओळ: काय केलं, कुणाबरोबर केलं. समोर एक खूण घाला. करताना घड्याळ बघितलं नाही तर फुली, सारखं बघितलं तर शून्य.

नळाला पाणी येण्याचा दिवस वेगळा लिहा. आपल्या शहरात पाणी काही दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी घरातला एक माणूस मोटारीपाशी बांधलेला असतो. निवृत्त झालात की तो माणूस तुम्हीच. हा दिवस हिशेबात न धरता जी वेळापत्रकं ठरतात ती दुसऱ्याच आठवड्यात कोसळतात.

उन्हाचंही तेच. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर गेला की साडेदहा ते पाच बाहेरचं काम धरू नका. बाहेरचं जे काही असेल ते सकाळी सात ते दहा.

दोन आठवड्यांनी पानं समोर ठेवून फुल्या मोजा. बहुतेकांना दोन गोष्टी दिसतात. टीव्ही आणि मोबाइलसमोरच्या वेळेत फुली क्वचित असते, जरी तो वेळ सगळ्यात मोठा असला तरी. आणि फुली जिथं आहे तिथं बहुतेक वेळा दुसरा माणूस आहे, किंवा हातात काहीतरी काम आहे: कुंडीतली माती, सायकलची साखळी, शेजारच्या पोराचा भूमितीचा पेपर.

नेहमीची चूक: हिशेब बघून लगेच स्वतःला शिस्त लावणं. पहाटे चारला उठणं, टीव्ही बंद, साखर बंद, मौन. आठ दिवसांत सगळं मोडतं आणि आपण नालायक आहोत असं वाटून पुढचे टप्पेही राहतात. या टप्प्यावर सुधारणा करायचीच नाही.

## टप्पा ५: लोक तुमच्याकडे कशासाठी येतात, ते लिहा

सगळ्या क्रमातला हा मधला खांब आहे. याला तीन आठवडे द्या.

‘मला काय आवडतं?’ हा प्रश्न पन्नाशीच्या माणसाला विचारून उपयोग होत नाही. तीस वर्षं कुणी विचारलेला नसतो, त्यामुळं उत्तर येतं ते दुसऱ्याचं ऐकलेलं: प्रवास, वाचन, बागकाम. त्याऐवजी मागं वळून हे विचारा: ऑफिसात, गल्लीत, नात्यात, लोक नेमकं काय घेऊन माझ्याकडे यायचे? पगार ज्या कामाचा मिळत होता ते बाजूला ठेवा. त्याखेरीज काय?

रेल्वेच्या कारखान्यातला फिटर असेल, पण खात्यातल्या सगळ्यांची भांडणं त्याच्याकडे मिटायला यायची. शाळेतल्या बाई गणित शिकवायच्या, पण नवीन लागलेल्या शिक्षिका रडायला त्यांच्याकडेच यायच्या. बँकेतला कारकून असेल, पण अंगठेबहाद्दर खातेदार नेमके त्याच्याच खिडकीपुढं रांग लावायचे, कारण तो खेकसायचा नाही. शहराच्या पूर्व भागातली एखादी अक्का, घरात तेलुगू, बाजारात मराठी, शेजारणीशी कन्नड, अशा तिन्ही भाषांत सहज वावरते आणि तिला ते कौशल्य आहे हे माहीतच नसतं.

लिहायची पद्धत अशी. एका पानावर तीन रकाने. पहिल्यात माणूस (नाव नको, ‘धाकटा मेहुणा’, ‘कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला’ पुरे). दुसऱ्यात तो काय घेऊन आला. तिसऱ्यात तुम्ही प्रत्यक्ष काय केलं, क्रियापदात: ऐकलं, फॉर्म भरला, दुरुस्त केलं, सोबत गेलो, दोघांना समोरासमोर बसवलं. किमान वीस ओळी भरेपर्यंत थांबू नका. पहिल्या सात-आठ सरळ येतात, नंतर दोन-चार दिवस काही आठवत नाही, आणि मग जे आठवतं ते कामाचं असतं.

वीस ओळी झाल्या की तिसऱ्या रकान्यात परत परत येणाऱ्या क्रियापदांखाली रेघ मारा. दोन किंवा तीन निघतील. तुमचा कच्चा माल एवढाच, आणि तो पुरतो.

मग ही यादी तुमच्या ठरवलेल्या माणसाला दाखवा आणि विचारा, ‘यात काय राहिलं?’ आपल्याला जे सोपं जातं ते आपल्याला कौशल्य वाटत नाही, दुसऱ्याला दिसतं.

सावध: पदं लिहू नका. ‘शाखाधिकारी’, ‘मुख्याध्यापक’, ‘चेअरमन’ यांपैकी काहीही या पानावर आलं तर खोडा. खुर्ची तुमच्याबरोबर घरी आलेली नाही. निवृत्तीनंतर माणसाचा स्वभाव बिघडतो तो बहुतेक वेळा इथंच: घरच्यांना स्टाफ समजून तो सकाळी आठला हजेरी घ्यायला लागतो.

तपासा: कमाईचीही गरज असेल तर क्रियापदांपैकी कोणत्यासाठी लोक पैसे देतील त्यावर चौकट करा. हिशेब लिहिणं, शिकवणी, शिवण, शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देणं यांना गिऱ्हाईक असतं. भांडणं मिटवण्याचे पैसे कुणी देत नाही. दोन्ही करता येतील, पण एकाच तासात नाही.

## टप्पा ६: गरज बघायला घराबाहेर पडा

आता महिनाभर नुसतं बघायचं. मदत करायची नाही, सल्ला द्यायचा नाही, फोटो काढायचा नाही. आठवड्यातून दोन सकाळी एकेका ठिकाणी तासभर बसा. कुठं, ते तुमच्या क्रियापदांवरून ठरवा.

‘सोबत गेलो’ किंवा ‘समजावून सांगितलं’ असेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा बाह्यरुग्ण विभाग बघा. धाराशिवकडून, विजयपूर-कलबुर्गीकडून पेशंट येतात. केसपेपर कुठं काढायचा, रक्ताची चिठ्ठी घेऊन कोणत्या मजल्यावर जायचं, हे न कळून म्हातारी माणसं इकडून तिकडे फिरत असतात. त्यात कन्नड बोलणारा पेशंट आणि मराठी बोलणारा कर्मचारी समोरासमोर आला की दोघंही चिडतात. दोन्ही भाषा येणारा एक शांत माणूस तिथं काय करू शकेल, हे तासाभरात कळतं.

‘फॉर्म भरला’ असेल तर विडी कामगारांच्या वस्त्यांकडे किंवा रे नगर या कामगार वसाहतीत एखादी ओळखीची बाई गाठा. आधारवर एक नाव, फंडाच्या कागदावर दुसरं, बँकेत तिसरं, आणि त्यामुळं अडलेले पैसे, हे तिथं घरोघर सापडतं. नोव्हेंबरात पेन्शनरांचा हयातीचा दाखला असतो. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला ते कोण करून देणार?

‘शिकवलं’ असेल तर अभ्यासिकांमध्ये जा. स्पर्धा परीक्षेच्या पोरांना इंग्रजीचा उतारा किंवा मुलाखतीची तयारी करून घेणारं कुणीतरी हवंच असतं. ‘दुरुस्त केलं’ असेल तर जवळच्या महापालिका किंवा झेडपी शाळेतले बंद पंखे, मोडकी बाकं बघा. आषाढीच्या दिवसांत पालख्या जिल्ह्यातून पंढरपूरला जातात, तेव्हा पाय चोळायला, चपला शिवायला, औषध द्यायला हात लागतात. ते काम वर्षातून काही दिवसांचंच आहे, पण ज्यांना वर्षभराची बांधिलकी झेपत नाही त्यांच्यासाठी चांगलं.

गाव जवळ असेल तर तिकडंही जा. एसटीला ६५ ते ७५ वयाच्या लोकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ नंतर मोफत. बायकांना कोणत्याही वयात अर्धं. प्रवासखर्चाचं कारण फार टिकत नाही.

महिन्याच्या शेवटी वहीत एक वाक्य पूर्ण करता यायला हवं: ‘अमुक माणसाला अमुक अडचण येते, आणि त्यातलं अमुक मला करता येतं.’ ‘समाज’, ‘तरुण पिढी’, ‘संस्कार’, ‘पर्यावरण’ यातला शब्द वाक्यात आला तर वाक्य अजून तयार झालेलं नाही. परत बाहेर पडा.

## टप्पा ७: सहा आठवड्यांचा प्रयोग

एक ठिकाण, एक वार, दोन तास. सहा आठवडे. एवढंच.

प्रयोगाचे नियम कडक ठेवा. पहिला: स्वतःचे पैसे घालायचे नाहीत, रिक्षाभाडं आणि झेरॉक्स सोडून. पैसे घातले की आपण देणारे होतो आणि समोरचा घेणारा. मग खरी अडचण तो सांगत नाही, आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. दुसरा: तिथं आधीपासून जो माणूस काम करतो, शिपाई असो, आशाताई असो, बालवाडीच्या ताई असोत, त्याला किंवा तिला पहिल्या दिवशी भेटा आणि विचारा, ‘तुमचं कोणतं काम मी हलकं करू?’ निवृत्त साहेब येऊन कारभार सुधारायला लागतो तेव्हा ही माणसं गप्प बसतात आणि तिसऱ्या आठवड्यात साहेबांना वेळच देत नाहीत. तिसरा: खाडा करायचा नाही. लग्न, वास्तुशांत, पाहुणे यांतलं काही चालणार नाही. आजारपण चालेल. म्हणूनच वार ठरवताना पाण्याचा दिवस लक्षात ठेवायचा. तो दर आठवड्याला सरकतो, तेव्हा घरात मोटार चालू करणारा दुसरा माणूस तयार करून ठेवा.

तिसरा-चौथा आठवडा अवघड जातो, हे आधीच सांगून ठेवतो. सुरुवातीची नवलाई संपलेली असते आणि फळ दिसायला लागलेलं नसतं. कुणी आभारही मानत नाही. एखादी बाई तुम्ही भरून दिलेला फॉर्म हरवून परत येते. इथं सोडून देणाऱ्यांचं प्रमाण फार. त्या आठवड्यात निर्णय घ्यायचा नाही, फक्त जायचं.

सहाव्या आठवड्यानंतर तीन प्रश्न:

१. जायच्या आदल्या रात्री कसं वाटत होतं? जड वाटत होतं पण परत येताना हलकं, तर चालू ठेवा. दोन्ही वेळा जड, तर थांबा.
२. तुम्ही एक आठवडा गेला नाहीत तर कुणाचं अडेल? एकाही माणसाचं अडणार नसेल तर ठिकाण बदला, क्रियापद तेच ठेवा.
३. तिथं तुम्ही काही नवीन शिकलात का? नुसतं देतच असाल तर वर्षभरात कंटाळाल.

उत्तरं नकारार्थी आली तर सहाव्या टप्प्यावर परत जा. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगात जमणं ही रीतच आहे. दोन उत्तरं चांगली आली तर आता एक वर्ष धरा, आणि आता हवं तर चार लोकांना सांगा.

## टप्पा ८: काय सोडायचं, ते नावानिशी ठरवा

नवं काम जुन्यांच्या फटीत बसत नाही. वहीत तीन गोष्टी लिहा ज्या या वर्षी सोडणार: एखादं नावापुरतं पद, रोज चाललेला एखादा वाद, भावकीतली जमिनीची जुनी केस. केसबद्दल विशेष सांगायचं तर, साठीनंतर दोन वितींच्या बांधासाठी कोर्टाच्या तारखा करणाऱ्यानं वकिलाबरोबर बसून एकदा तडजोडीचा आकडा काढावा. लोकअदालत असते. जिंकायला लागणारी वर्षं तुमच्या शिलकीतून जाणार आहेत.

पद सोडताना चार महिन्यांची मुदत द्या, चाव्या-वह्या कुणाकडे दिल्या ते लिहून घ्या, आणि नंतर ‘मी असताना असं नव्हतं’ म्हणायला परत जाऊ नका.

## टप्पा ९: शहाणपणाची कामं

वय वाढलं म्हणून शहाणपण आपोआप येत नाही, याचे नमुने प्रत्येक घरात असतात. त्याचा सरावच करावा लागतो, आणि तो बराचसा तोंड बंद ठेवण्याचा आहे.

पहिला सराव सल्ल्याचा. सून, मुलगा, पुतण्या बोलायला लागला की आधी विचारा, ‘नुसतं सांगायचंय, की काही सुचवू?’ सुचव म्हणाले तर एकच गोष्ट सुचवा. ‘आमच्या वेळी’नं सुरू होणारं वाक्य महिनाभर बंद ठेवून बघा, घरातली पोरं तुमच्या खोलीत जास्त वेळ बसायला लागतात.

दुसरा सराव मागं वळून बघण्याचा. रॉबर्ट बटलर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञानं १९६३ मध्ये मांडलं होतं की म्हातारपणी जुन्या आठवणींत रमणं हे भ्रमाचं लक्षण नसून आयुष्याचा जमाखर्च जुळवण्याचं नैसर्गिक काम आहे. ते काम नीट होण्यासाठी मात्र आठवण पूर्ण सांगावी लागते. दहा-दहा वर्षांचा एक गट करा आणि प्रत्येक गटासाठी चार पानं: काय घडलं, कोण सोबत होतं, काय निसटलं. फक्त पराक्रम लिहिलेत तर ते तुमच्या सत्कारातलं भाषण होईल. एखाद्या नातवंडाला मोबाइलवर तुमचं बोलणं रेकॉर्ड करायला बसवलंत तर आणखी बरं, कारण पोरं मध्येच ‘मग तुम्ही तेव्हा आजीला विचारलं होतं का?’ असलं काहीतरी विचारतात.

तिसरा सराव सगळ्यात अवघड. एक माणूस असतो, ज्याच्याशी बोलणं बंद आहे आणि ज्यात आपली चूक निम्म्याहून जास्त आहे. त्याच्याकडे जा. सण बघून जा, हातात तिळगूळ असला की सुरुवात सोपी होते. खुलासा करायचा नाही, कागद दाखवायचे नाहीत. ‘तेव्हा माझं चुकलं’ एवढं बोलून चहा घ्यायचा. त्यानं दार उघडलं नाही तरी तुमचं काम झालेलं असतं.

सावध: हा सराव पहिल्या महिन्यात करू नका. ज्याचा स्वतःचा दिवस रिकामा आहे तो माफी मागायला जातो आणि नकळत सोबत मागून बसतो.

## टप्पा १०: खंड पडेल, त्याची सोय

जोडीदाराचं जाणं, पक्षाघात, खुब्याचं हाड मोडणं. यातलं काहीतरी कधीतरी होणार, आणि तेव्हा बाहेरचं काम बंद पडेल. म्हणून वर्षाच्या कामात पहिल्यापासून एक धाकटा माणूस सोबत घ्या, ज्याला खिडक्या, कागद, फोन नंबर सगळं माहीत असेल. आणि स्वतःसाठी त्याच कामाची बसल्या जागेची आवृत्ती शोधून ठेवा: सिव्हिलमध्ये जाता येत नसेल तर फोनवर कन्नड पेशंटला रस्ता सांगता येतो, शाळेत जाता येत नसेल तर दोन पोरं घरी येऊ शकतात.

जोडीदार गेल्यानंतरचं पहिलं वर्ष नवं काही धरू नका, घर विकू नका, गाव सोडू नका. जे चालू होतं त्यातलं सगळ्यात छोटं तेवढं चालू ठेवा. घरात छळ होत असेल, औषधपाणी तोडलं जात असेल, तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही हेल्पलाइन आहे. ती शेजाऱ्यालाही लावता येते.

दरवर्षी दिवाळीनंतर, हयातीचा दाखला देऊन आलात की त्याच आठवड्यात वही काढा. दुसऱ्या टप्प्यातली दोन पानं, पाचव्यातली रेघ मारलेली क्रियापदं आणि सहाव्यातलं वाक्य परत वाचा. वाक्यातला ‘अमुक माणूस’ बदलला असेल तर नवा लिहा.